मॅजिकार्पचें शिक्षण

महाविद्यालयांत वाङ्मय शिकविणाऱ्या एका वृद्धत्वाकडे झुकलेल्या अध्यापकानें मुलांच्या हातांतील खेळावर टीकालेख लिहावा, याचें कांहीं वाचकांस नवल वाटेल. काव्य, नाटक, कादंबरी हे टीकेचे मान्य विषय होत. चित्रपटासहि त्या पंक्तींत आतां पाट मिळाला आहे. खेळाला मात्र अजून उंबरठ्याबाहेरच बसावें लागतें. वस्तुतः हुइझिंगा या डच इतिहासकारानें १९३८ सालींच ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथांत संस्कृतीचा उगम खेळांत शोधण्याचा प्रयत्न केला होता. त्याचें म्हणणें सर्वस्वीं मान्य करावें असें नाहीं. परंतु जी कृति कोट्यवधि मुलांच्या मनांत वर्षानुवर्षें घर करून राहते, तिचें गुणदोषविवेचन टाळणें हा टीकाकाराचा सोवळेपणा होय, विवेक नव्हे.

‘पोकेमॉन’ हें नांव आपल्याकडील कुटुंबांत अपरिचित नाहीं. त्यांतील पिवळा पिकाचू दूरचित्रवाणीवरून आणि मुलांच्या दप्तरांवरून आपल्या घरांत केव्हांच येऊन बसला आहे. तथापि ज्या मूळ खेळांतून तो निघाला, तो खेळ वडील मंडळींनीं क्वचितच लक्षपूर्वक पाहिलेला असतो. त्या खेळाच्या सर्व अंगांचा परामर्श घेण्याचा येथें उद्देश नाहीं. खेळाडू आपल्या प्राण्यास स्पर्धेच्या लढतीसाठीं तयार करतो, म्हणजे एका अर्थानें त्यास शिकवितो; एवढ्याच भागाचा विचार मी करणार आहें. कारण या कृतीचें सामर्थ्य आणि तिचें वैगुण्य हीं दोन्हीं, माझ्या मतें, त्याच ठिकाणीं सांपडतात.

सातोशी ताजिरी हा या खेळाचा जनक. १९६५ सालीं जन्मलेला हा मुलगा तोक्योलगतच्या माचिदा येथें वाढला. किडे पकडून त्यांचा संग्रह करणें हा त्याचा छंद होता. परंतु तो मोठा होईपर्यंत तेथील डबकीं बुजलीं, रानें गेलीं आणि त्यांच्या जागीं इमारती उभ्या राहिल्या. पुढें ‘गेम बॉय’ नांवाचीं हातांत मावणारीं दोन यंत्रें एका तारेनें जोडतां येतात हें पाहून, त्या तारेवरून एखादा किडा एका यंत्रांतून दुसऱ्यांत चालत जात आहे, असें चित्र त्याच्या डोळ्यांपुढें उभें राहिलें. त्या कल्पनेंतून ‘गेम फ्रीक’ या त्याच्या संस्थेनें घडविलेला आणि निन्टेंडो कंपनीनें प्रसिद्ध केलेला हा खेळ २७ फेब्रुवारी १९९६ रोजीं जपानांत ‘लाल’ व ‘हिरवा’ अशा दोन आवृत्त्यांत बाहेर पडला. त्यांत १५१ काल्पनिक प्राणी होते. आज ती संख्या हजारावर गेली आहे.

या कृतींत दोन पाठ एकावर एक लिहिलेले आहेत. वरचा पाठ कथेचा. एक बालक घराबाहेर पडतो, प्राणी पकडतो, त्यांस वाढवितो आणि इतरांच्या प्राण्यांशीं लढवितो. कथेंतील वडीलधारीं माणसें त्यास पुनःपुन्हां सांगतात कीं, विजयाचें मूळ प्रेमांत आणि विश्वासांत आहे. खालचा पाठ गणिताचा. तो कोठें बोलून दाखविलेला नाहीं; पुष्कळ वर्षें तो पडद्यावर दिसतहि नव्हता. मुलांनीं वह्यांतून बेरजा-वजाबाक्या करून तो बाहेर काढला. लढतीचा निकाल बहुतांशीं या खालच्या पाठानें ठरतो.

या गणितास आजचें रूप २००२ च्या नोव्हेंबरांत निघालेल्या ‘रूबी’ व ‘सॅफायर’ या आवृत्त्यांत आलें. प्रत्येक प्राण्याचीं सहा अंगें मानलेलीं आहेत: जीवशक्ति, आक्रमण, संरक्षण, विशेष आक्रमण, विशेष संरक्षण आणि वेग. प्रत्येक अंगाचें बळ ठरविणारीं तीन मूल्यें आहेत व जपानी खेळाडूंनीं त्यांस मार्मिक नांवें दिलीं आहेत. ‘शुझोकुची’ म्हणजे जातिमूल्य. तें त्या जातीच्या सर्व प्राण्यांस सारखें. ‘कोताइची’ म्हणजे व्यक्तिमूल्य. तें ० ते ३१ यांच्या दरम्यान जन्माबरोबरच ठरून जातें. ‘दोर्योकुची’ म्हणजे परिश्रममूल्य. तें मिळवावें लागतें. यांखेरीज २५ स्वभाव आहेत. त्यांतील बहुतेक स्वभाव एक अंग दहा टक्क्यांनीं वाढवितात आणि दुसरें तितक्यानेंच घटवितात. हट्टी प्राणी आक्रमणांत चढतो. भित्रा प्राणी वार करण्यांत कमी पडतो, पण पळण्यांत सर्वांपुढें असतो. ही योजना करणारास मनुष्यस्वभावाची जाण नव्हती असें कोण म्हणेल?

जन्म, परिश्रम आणि स्वभाव! आपल्या वाचकास हा प्रश्न नवा नाहीं. सूतपुत्र म्हणून हिणविल्या गेलेल्या कर्णाच्या तोंडीं आपल्या कवींनीं दैव आणि पुरुषकार यांचा जो वाद घातला, तोच येथें आंकड्यांच्या वेषांत उभा आहे. पाहावयाचें तें एवढेंच कीं, या खेळानें त्याचा निकाल कसा लावला.

उदाहरणार्थ मॅजिकार्प नांवाचा मासा घ्या. सर्व प्राण्यांत हा थट्टेचा विषय. पहिल्या खेळांत एक फेरीवाला हा मासा ५०० नाण्यांस भोळ्या प्रवाशांच्या गळ्यांत बांधतो. याच्या सहा अंगांच्या जातिमूल्यांची बेरीज अवघी २००. प्रारंभीं त्यास एकच विद्या अवगत असते, ती म्हणजे पाण्याबाहेर तडफडणें. तिनें कोणासहि इजा होत नाहीं. परंतु विसाव्या पायरीपर्यंत ज्यानें त्याला धीरानें सांभाळलें, त्याच्यापुढें एकाएकीं ग्यारॅडोस हा प्रचंड जलसर्प उभा राहतो आणि बेरीज ५४० वर जाते. पीत नदीवरील धबधबा चढून जाणारा कोइ मासा नाग होतो, अशी चीनमधील जुनी आख्यायिका आहे. तीच येथें मुलांच्या खेळांत उतरली आहे. कथेच्या पाठांतील ही कलाटणी सुरेख आहे. तथापि स्पर्धेचें शिक्षण येथून पुढें सुरू होतें.

शंभराव्या पायरीवरील दोन ग्यारॅडोस आपण शेजारीं ठेवूं. एकास जन्मतः आक्रमणाचें काहींच देणें मिळालेलें नाहीं, त्यावर परिश्रम झालेले नाहींत आणि स्वभावहि प्रतिकूल आहे; त्याचें आक्रमण २२९ भरतें. दुसऱ्याचें व्यक्तिमूल्य ३१, परिश्रम पूर्ण आणि स्वभाव हट्टी. त्याचें आक्रमण ३८३ भरतें. जात एक, वय एक, आणि एवढी तफावत! या तफावतीपैकीं जन्माचे ३१, परिश्रमाचे ६३ आणि उरलेला वांटा स्वभावाचा. म्हणजे अभ्यासाचा हिस्सा जन्माच्या दुप्पट ठेवलेला आहे. या प्रमाणांत पुरुषकाराकडे झुकणारी एक निश्चित दृष्टि आहे, हें ध्यानांत घेतलें पाहिजे.

पण या योजनेचें खरें मर्म प्रमाणांत नाहीं, मर्यादेंत आहे. १९९६ च्या खेळांतहि परिश्रमाचा हिशेब होता. परंतु त्यास एकंदर मर्यादा नव्हती. पुरेसा वेळ दिला कीं, प्राण्याचीं सर्वच अंगें शिखरास पोंचत. त्यामुळें पूर्ण तयार झालेले एका जातीचे दोन प्राणी बहुतांशीं एकसारखेच दिसत. २००२ सालीं असा दंडक झाला कीं, एका प्राण्यास सर्व मिळून ५१० परिश्रमांकच मिळतील व एका अंगावर २५५ हून अधिक चढणार नाहींत. चार परिश्रमांकांनीं शेवटीं बळाचा एक अंक मिळतो. म्हणून चतुर खेळाडू २५२ वर थांबतो, दोन अंगें भरून त्याचे सहा अंक उरतात आणि त्यांतून तिसऱ्या अंगास एक अंक मिळतो. नवशिका दोन अंगांत प्रत्येकीं २५५ ओततो आणि तो शेवटचा अंक गमावतो. सर्व कांहीं मिळविणें अशक्य झालें, आणि त्या क्षणापासून प्राण्यास व्यक्तित्व आलें. वेगवान ग्यारॅडोस सोसण्यास दुबळा. सोसणारा ग्यारॅडोस संथ. कोणता घडवावयाचा हें ठरवितांना खेळाडूला काय सोडावयाचें तें आधीं ठरवावें लागतें. वृत्ताच्या बंधनांत कवीला जो शब्द टाकावा लागतो, त्यानें राहिलेल्या शब्दांस धार येते. तसाच हा प्रकार आहे. मर्यादा घालणें ही केवळ तंत्राची दुरुस्ती नव्हती. तिनें खेळाचा आशयच पालटला.

याच २००२ च्या रचनेंत एक विसंगति होती, तीहि सांगितली पाहिजे. पाण्याचे सर्व वार त्या वेळीं ‘विशेष आक्रमण’ या अंगावर अवलंबून असत, आणि ग्यारॅडोसचें तें अंग अवघें ६०, तर साधें आक्रमण १२५. पाण्यांत जन्मलेल्या या नागाचें पाणीच दुबळें! २००६ सालीं ‘डायमंड’ व ‘पर्ल’ या आवृत्त्यांत प्रत्येक वाराचा निरनिराळा विचार करण्यांत आला, आणि ‘धबधबा’ या नांवाचा वार साध्या आक्रमणाकडे आला. ज्या माशानें आख्यायिकेंत धबधबा चढून नागत्व मिळविलें, त्याला स्वतःचा धबधबा मिळण्यास दहा वर्षें लागलीं.

आतां परिश्रम म्हणजे प्रत्यक्षांत काय, तें पाहूं. ज्या अंगाची वाढ हवी, त्या अंगांत सरस असणाऱ्या रानटी प्राण्यांस हरवावयाचें. लहान प्राणी एका विजयास एक अंक देतो. म्हणजे २५२ अंकांस २५२ लढती. दहा औषधें घेतलीं तर पहिले १०० अंक विकत मिळतात, पण प्रत्येक औषधाची किंमत ९८०० नाणीं. उरलेल्या १५२ अंकांसाठीं अंगावर एक जड पट्टा चढविला तर मिळकत दुप्पट होऊन ७६ लढती पुरतात; मात्र पट्टा आहे तोंवर वेग निम्म्यावर येतो. येथें रियाजाची आठवण होईल, परंतु ती उपमा अर्धवटच लागू पडते. गवयाचा शंभरावा पलटा पहिल्यासारखा नसतो. या खेळांतील शंभरावी लढत मात्र अगदीं पहिल्यासारखीच असते. तेथें शिकणारा कोणीच नसतो, केवळ मोजणारा असतो. हा कंटाळा म्हणजे तपश्चर्या असें समर्थन मीं ऐकलें आहे. मला तें पटत नाहीं. एक गोष्ट मात्र कौतुकाची. स्लेटपोर्ट या बंदरगांवच्या बाजारांत एक बाई उभी असते. ज्या प्राण्याचे ५१० अंक पूर्ण झाले असतील, त्यास ती परिश्रमाची फीत देते. पडद्यावर आंकडा दिसत नसतांहि त्या बाईनें तो ओळखलेला असतो. खालचा पाठ वरच्या पाठांत डोकावतो अशा जागा थोड्या आहेत. त्यांतील ही एक.

येथवर गुणांचें वर्णन झालें. दोषाचा साक्षात्कार मला माझ्या भाच्यामुळें झाला. वय वर्षें पंधरा. थोरल्या चुलतभावाकडून वारशानें आलेल्या जुन्या यंत्रावर तो ‘सॅफायर’ खेळतो. दोन प्राणी पाळणाघरांत ठेवले कीं अंडें मिळतें आणि पिलास आईबापांचीं कांहीं व्यक्तिमूल्यें येतात, हें त्यानें मला समजावून दिलें. दिवाळीच्या सुटींत त्यानें मॅजिकार्पचीं ४२ अंडीं उबविलीं. वहींत प्रत्येकाचे आंकडे मांडले, आणि अखेर एक मासा ठेवला.

“बाकीचीं पिलें कोठें गेलीं?” मीं विचारलें.

“सोडून दिलीं, मामा.”

“सगळीं?”

“ठेवून काय करूं? वेगांत ३१ नव्हते. एकाचे ३० होते, पण मग पूर्ण तयार होऊनहि वेग २६० च भरतो. समोरच्याचा २६१ असला कीं पहिला वार त्याचा.”

“एका अंकासाठीं?” मी म्हणालों, माझ्या स्वरांत थोडा उपदेश आला असावा.

तो वहींतून मान वर न करतां म्हणाला, “मामा, तुमच्या कॉलेजांत प्रवेशाची यादी लागते, तेव्हां खालच्यांचें तुम्ही काय करतां?”

मला उत्तर सुचलें नाहीं. प्रवेशसमितीवर मीं अनेक वर्षें काढलीं आहेत. यादी दशांशावर तुटते. रेषेच्या वरचीं नांवें आम्ही वाचतों, खालचीं वाचीत नाहीं. आणि त्या दिवशीं सायंकाळीं आम्ही निवांतपणें चहा घेतों. तेव्हां मुलास निष्ठुर म्हणण्याचा अधिकार मला पोंचत नव्हता, हें मी प्रांजलपणें कबूल करतों.

परंतु कृतीची चिकित्सा त्यानें थांबत नाहीं. जन्मतः विषमता दाखविली हा या खेळाचा दोष नव्हे. जीवनांत ती आहेच. सहाहि अंगांत ३१ घेऊन जन्मणें निव्वळ दैवावर सोंपविलें तर १०७ कोटींत एकदां घडावयाचें. असलें दैव कोणत्याहि कवीनें कल्पावें. दोष आहे तो औचित्याचा. कर्णाच्या कथेंत जन्माचा अन्याय होतो आणि त्या अन्यायाचें दुःख करणारें कोणी तरी तेथें असतें. या खेळांत ४१ मासे सोडले जातात. प्रत्येकास निरोपाचे दोन शब्द मिळतात आणि लगेच पडदा स्वच्छ होतो. वरचा पाठ प्रेमाच्या गोष्टी सांगतच राहतो. दोन्ही पाठांस एकमेकांची वार्ता नसते. आपल्या भाषेंत ‘निवडणें’ या एका क्रियापदाचे दोन अर्थ आहेत: आपल्यासाठीं एक वाट धरणें हा एक, आणि तांदळांतून खडे काढून टाकणें हा दुसरा. परिश्रमांकांच्या बाबतींत खेळाडू पहिल्या अर्थानें निवडतो. अंड्यांच्या बाबतींत दुसऱ्या. पहिल्या ठिकाणीं ही कृति कलेच्या पदवीस पोंचते, दुसऱ्या ठिकाणीं ती नुसती चाळणी होते.

कर्त्यांनाहि हें जाणवलें असावें, कारण पुढील आवृत्त्यांत त्यांनीं टप्प्याटप्प्यानें हा भार हलका केला. २०१३ सालच्या आवृत्त्यांत परिश्रमाचा आलेख पडद्यावर आला. २०१६ सालीं शंभराव्या पायरीवर पोंचलेल्या प्राण्याची जन्माची उणीव विशेष शिक्षणानें भरून काढण्याची सोय झाली. २०१९ सालीं पुदिन्याचें पान देऊन स्वभावाचा परिणाम पालटतां येऊं लागला. या दुरुस्त्यांतील एक बारकावा विचार करण्याजोगा आहे. विशेष शिक्षणानें मूळ व्यक्तिमूल्य बदलत नाहीं. लढतींत तें ३१ धरलें जातें एवढेंच, आणि पिलांस वारसा मिळतो तो मूळ आंकड्याचा. पुदिन्यानेंहि स्वभावाचें नांव तेंच राहतें. जन्म पुसला गेला नाहीं. त्याचा जाच तेवढा काढून घेतला. जुन्या खेळाडूंपैकीं कांहींची तक्रार आहे कीं, यामुळें साधनेचें मोल उतरलें. मला तसें वाटत नाहीं. पूर्वीं दैवाच्या नांवाखालीं जें मोजलें जात होतें, तें पुष्कळदां रिकाम्या वेळाचें प्रमाण होतें; ज्याला सुटी अधिक, त्याचें दैव बलवत्तर.

मग प्रेमाचा जो पाठ वर लिहिलेला आहे, तो केवळ शोभेचा समजावयाचा काय? १९९९ सालच्या ‘गोल्ड’ व ‘सिल्व्हर’ या आवृत्त्यांत याचीं दोन उत्तरें आहेत. एक शब्दांनीं दिलेलें. कॅरन नांवाची निष्णात स्त्री पराभवानंतर खेळाडूस सुचविते कीं, सबळ-दुर्बळ हे भेद माणसांच्या स्वार्थी दृष्टीनें पाडलेले आहेत; खरा कुशल तो, जो आपल्या आवडत्या प्राण्यांसह जिंकण्याचा यत्न करतो. हें भाषण सुभाषितासारखें आहे, आणि सुभाषितासारखेंच तें सहज विसरलें जातें. दुसरें उत्तर न बोलतां दिलेलें असल्यामुळें अधिक सरस उतरलें आहे. कथेंतील प्रतिस्पर्धी मुलगा प्रारंभीं दुबळ्या प्राण्यांचा तिरस्कार करतो. त्याच्याजवळ गोल्बॅट नांवाचें एक वटवाघूळ असतें. तें पुढच्या अवस्थेस जातें तें फक्त मालकाशीं जिव्हाळा वाढला तरच. शेवटच्या लढतींत त्याच्या हातून क्रोबॅट, म्हणजे तीच पुढची अवस्था, बाहेर येते. मुलगा बदलला, असें कोणी म्हणत नाहीं. गणितानेंच तें सांगितलेलें असतें.

तिसरें उत्तर खेळाबाहेर, प्रत्यक्ष स्पर्धेंत मिळालें. २०१४ सालच्या ऑगस्टमध्यें वॉशिंग्टन येथें या खेळाची जागतिक स्पर्धा झाली. प्रौढांच्या गटांत दक्षिण कोरियाचा पार्क से-जुन जिंकला, आणि त्याच्या चमूंत पाचिरिसू नांवाची एक चिमुकली विजेची खार होती. तिच्या जातिमूल्यांची बेरीज ४०५. स्पर्धेंत तिला कोणी हिशेबांत धरीत नसे. स्पर्धेच्या लढती जोडीच्या असतात. ही खार पुढें होऊन शत्रूचे वार स्वतःकडे ओढून घेई. विजेचा वार झालाच तर तो पिऊन उलट ताजीतवानी होई. त्याच चमूंत ग्यारॅडोस होता, आणि ग्यारॅडोसला भय असतें तें मुख्यतः विजेचें. पार्कनें खारीचे परिश्रमांक सोसण्याकडे लावले होते. एकटी उभी केली असती तर ती कोणत्याहि यादीच्या तळाशीं गेली असती. शेजारीं कोण उभें आहे हें जेव्हां विचारांत घेतलें, तेव्हांच तिच्या गुणांचा अर्थ लागला. यांत भावविवशता नव्हती. ५१० अंकांचा तोच कठोर हिशेब होता. पण तो हिशेब एका प्राण्याच्या बेरजेपाशीं थांबला नाहीं.

सारांश, प्राण्याच्या शिक्षणाचा हा खेळ जेथें मर्यादेंतून व्यक्तित्व घडवितो, तेथें तो थोर आहे. जेथें तो जन्माच्या आंकड्यावरून शेकडों जीव चाळून टाकावयास लावतो आणि वर प्रेमाची भाषा बोलतो, तेथें तो सदोष आहे. पुढील आवृत्त्यांनीं तो दोष बराच कमी केला आहे. पालकांनीं मुलांच्या हातांतून हें यंत्र ओढून घेण्यापूर्वीं एकदां त्यांच्याजवळ बसून वहींतील आंकडे समजून घ्यावे, एवढीच माझी सूचना.

भाच्याचा ग्यारॅडोस आतां तयार झाला आहे. मीं त्याला पाचिरिसूची हकीकत सांगितली. ती त्याला अर्थातच माझ्याआधीं ठाऊक होती. “पण मामा,” तो म्हणाला, “ती खार माझ्या ‘सॅफायर’मध्यें नाहींच.” मग थोडा वेळ थांबून त्यानें वहीचें मागील पान उघडलें आणि वेगांत ३० असलेला तो मासा सोडावयास नको होता काय, याचा पुन्हां हिशेब करूं लागला. येत्या जूनमध्यें प्रवेशाची यादी माझ्यापुढें येईल, तेव्हां रेषेखालचीं नांवें निदान एकदां वाचून काढावीं असें मीं ठरविलें आहे. त्यानें यादी बदलणार नाहीं, हें मला ठाऊक आहे.